करडईचा काटा

दादा, तो पुण्याचा माणूस आज तिसऱ्यांदा येऊन गेला. दोनदा चहा घेतला आणि सगळा वेळ त्याचा एक हात तुमच्या फोटोंच्या काचांच्या पेटीवर. मला असली माणसं आवडत नाहीत. एरंडाच्या बोंडाची काच उजेडात धरून म्हणाला, "काकू, हे फोटो नाहीत, ही शिल्पं आहेत." मी म्हटलं, मग दगड शोधा, माझ्या बापाची पेटी कशाला. तो नुसता हसला. त्याला प्रदर्शन भरवायचं आहे, आणि त्यासाठी माझी सही हवी आहे: या काचांना कुणाची पेन्सिल लागलेली नाही, झाड जसं होतं तसंच आहे. त्याच्या मते तुमचं सगळं मोठेपण त्यातच आहे. कागद ठेवून गेला.

सही करण्याआधी मला तुमचाच संशय आला. का येऊ नये? अर्ध्या लातूरच्या मुलींचे स्थळांना दाखवायचे फोटो तुमच्या दुकानातून गेले. देवीचे व्रण, काळेपणा, सगळं तुम्ही काचेवर टोकदार पेन्सिलीने बुजवत होता. असा माणूस गोखरूच्या काट्यांना सोडेल? म्हणून दुपारभर एकेक काच खिडकीला लावून तुमच्याच भिंगाने तपासली. अळीने पाडलेलं भोक तसंच, तरोट्याच्या शेंगेचा चिरा तसाच. मला जरा रागच आला.

दुकानाची ती मागची खोली आठवते. पंखा बंद, दार बंद, मागे काळं घोंगडं टांगलेलं. देठ कणकेच्या गोळ्यात रोवलेला, आणि ती कणीक स्वयंपाकघरातून पळवून आणणारी मी. आई आतून विचारते, पोळ्या लाटू का झाडं लावू. तुम्ही कॅमेऱ्याचा भाता हातभर ओढता, काळ्या फडक्यात डोकं घालता, आणि बोंड हलू नये म्हणून मी श्वास धरून उभी. नखाएवढं बोंड काचेवर तळहाताएवढं होतं, देवळाच्या कळसासारखं. मला कॉन्व्हेंटात घातलंत, पण बघायला मी तिथे शिकले, हे कबूल करायला मला कधी आवडलं नाही.

मग निलंग्याचं स्थळ आलं. माझा फोटो पाठवायचा होता आणि हनुवटीवरचा व्रण तुम्ही तसाच ठेवलात. आई म्हणाली, "गावाच्या लेकी गोऱ्या करून राहिले तुम्ही, अन् आपलीच का अशी धाडता?" तुम्ही भिंग पुसत म्हणालात, "झाडाला अन् लेकीला मी पेन्सिल लावत नसतो." फोटो आठ दिवसांत परत आला. सोबत चिठ्ठी नव्हती, गरजही नव्हती. सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत मी मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पुढे त्याच व्रणासकट माझं लग्न झालं, संसारही झाला, पण ते आठ दिवस मी मनातून सोडले नाहीत.

फोटो परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही करडईचं बोंड मांडलंत आणि मला हाक मारलीत, जणू काही घडलंच नव्हतं. काच आणायला तुम्ही अंधाऱ्या खोलीत गेलात तेवढ्यात वरचा एक काटा मोडला. तुम्ही आलात आणि तसाच फोटो घेतलात. काच वाळवून तुम्ही जेवायला बसलात. तुमची पेन्सिल घेऊन मी काचेवर मोडक्या जागी नवा काटा रेखाटला. आज भिंगाखाली तो लगेच सापडला. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वाकलेला आहे. पुण्याच्या माणसाला नेमकी तीच काच सगळ्यांत आवडते. निसर्गाशिवाय असं वळण कुणाला जमणार नाही म्हणतो. 

पण तुम्ही? आयुष्यभर पेन्सिलीचंच काम केलेल्या माणसाला ती रेघ दिसली नाही, हे मला पटत नाही. तरी तुम्ही तीच प्रत मोठी करून दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलीत. शेवटपर्यंत मला एका शब्दानं विचारलं नाहीत. ती शिक्षा होती का, की माझ्या व्रणाची भरपाई? तुम्ही असेच होता, काही कळू द्यायचं नाही.

उद्या तो परत येईल. त्याचा कागद मात्र आता त्याला देता येणार नाही, कारण हे सगळं मी त्या कागदाच्याच मागच्या बाजूला लिहून बसले आहे. तुम्हालाही हे पाठवता येणार नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. दादा, तो काटा माझ्याकडून चुकून मोडला नव्हता.