गाडी सुरू झाली

पारोळा. रविवार, संध्याकाळ.

काही सुचत नाही म्हणून लिहायला बसले. दिवाळीनंतर हे चक्कर येऊन मोटारसायकलवरून पडले, मनगट मोडलं. सगळी थंडी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. काल डॉक्टर म्हणाले, आता चालवा. आज दुपारपासून किका मारून हे घामाघूम झाले, पण गाडी सुरूच होईना. मला आतून बरंच वाटत होतं.

जुनं पेट्रोल काढून नवीन टाकलं. तरी नाही. मग प्लग काढला, तर काळाकुट्ट. यांच्या हातात अजून जोर नाही, म्हणून पॉलिश पेपरने मीच घासला. घासावा की नुसतं घासल्यासारखं करावं? नीट घासला. का, कोण जाणे. तिसऱ्या किकेला सुरू झाली.

"शेतापर्यंत जाऊन येतो," म्हणाले. किती दिवसांनी असे हसले. अडवलं नाही. रस्त्यावरून कुठलीही गाडी गेली की उठून बघते. प्लग मीच घासला ना.

आले वाटतं. दारातूनच हाक मारताहेत, "बंद करत नाही, परत सुरू व्हायची नाही. चल, बस मागे."

जाते. मागे बसले म्हणजे निदान वाट तरी बघावी लागणार नाही.