आप्पांची बंदूक जमा आहे

४ सप्टेंबर
मी शिकवते त्या शाळेला सुट्टी. वर्गांत पूरग्रस्त उतरलेत. राहात्याहून टेम्पोनं गावी आले, शेवटचा पल्ला चिखलातून पायी. आप्पा ओट्यावर. मला बघून पहिलं वाक्य, "चहा ठेव." वडील सुखरूप असल्याचा आमच्याकडे हाच दाखला.

घर उंचावर, वाचलं. खालची वस्ती, म्हणजे बौद्धवाडा नि त्याला लागून मुसलमानांची घरं, पार पाण्यात. पण माणूस एकही गेलं नाही. गोदावरी महादेवाच्या पायरीला लागली की आमच्या ओट्यावरून हवेत बंदुकीचे दोन बार, ही आजोबांपासूनची रीत. पहिला उठायला, दुसरा निघायला. परवाही तसंच. रशीदभाई टेलर शिलाई मशीन डोक्यावर घेऊन वर आले नि आप्पांवरच डाफरले, "दुसरा जरा दमानं टाकला असता तर कात्रीबी आनली असती!"

५ सप्टेंबर
दिवसभर वस्तीतला गाळ उपसला. कंबर गेली.

बंदूक खुंटीवर. लायसन पिकाच्या राखणीचं, रानडुकरांसाठी. आप्पांनी डुकरावर नेम धरला तो एकदाच. लागला पाटलांच्या हौदाला. डुक्कर उसात सुखरूप.

रिकाम्या काडतुसासाठी दादा नि मी किती भांडायचो. लाल नळी, पितळी बूड. ओठाशी धरून फुंकलं की शीळ. मग दिवसभर जिभेवर बंदुकीच्या दारूची चव. दसऱ्याला बंदुकीची पूजा, नळीत झेंडू. आई होती तोवर म्हणायची, "आधी सवतीला हळद, उरली तर मला." उरायची. आप्पा ठेवायचे.

७ सप्टेंबर
पेपरात चार ओळी: पूरग्रस्त गावात गोळीबार. कुणी केला, कुणावर, काही नाही. वार्ताहराचे पाय भिजले नसावेत.

संध्याकाळी जीप. फौजदार तरुण, बूट कोरडे. वरून हुकूम आहे म्हणे: पूरभागातल्या सगळ्या लायसनच्या बंदुका जमा. लूटमार होऊ नये म्हणून.
आप्पा : "लुटायला ठेवलंय काय नदीनं? चिखल?"
"गावात गोळीबार झालाय ना?"
"मीच केला."
"कुणावर?"
"गोदावरीवर."
फौजदारांनी हे लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही. आप्पांनी आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात बंदूक गुंडाळली, बाळाला देतात तशी दिली. "ओल लागू देऊ नका." काडतुसंही गेली. हातात पावती. तिचा बार होत नाही.

१० सप्टेंबर
ठाण्यातच पाणी शिरलेलं. म्हणून तीन बंदुका (आमची, पाटलांची, ऊसतोडीच्या मुकादमाची) गावच्या शाळेच्या धान्याच्या खोलीत ठेवून दाराला लाखेचं सील. मदतीचा तांदूळही त्याच खोलीत!

आज वाटप होतं. रांग, पातेली, पिशव्या. हवालदार दाराशी : "सील साहेबच तोडनार." साहेब नगरला, मंत्र्यांच्या बंदोबस्ताला. मंत्री पूर पाहायला येणार आहेत, तो ओसरल्यावर.

बौद्धवाड्यातली पारूबाई, आईची जिवाभावाची, रिकामं पातेलं कडेवर घेऊन : "आवं, जिनं जीव वाचिवला तीच आता भाताच्या आड बसली व्हय!" रांग हसली. पातेली रिकामी घेऊन परत.

१२ सप्टेंबर
सील तुटलं, तांदूळ मिळाला. लगेच नवं सील. मधल्या वेळात आत डोकावले. आमची बंदूक पोत्यांवर आडवी, उघडी. लुगडं नव्हतं. बाहेर हवालदार जीपची काच पुसत होता. हिरवं, बारीक काठाचं.

आप्पांना सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर
रशीदभाई नि मी ठाण्यात. फौजदार नम्र. खुर्ची दिली, मला एकटीला. रशीदभाई उभे.
"मॅडम, परिस्थिती निवळली की लगेच देऊ."
"निवळली हे ओळखणार कसं?"
"वरून कळवतील."
रशीदभाई : "पानीबी वरूनच येतं, साहेब. ते लवकर येतं."
फौजदार हसले. बरे वाटले. मग म्हणाले, ग्रामपंचायतीला विजेचा भोंगा मंजूर करून घेतलाय. मी विचारलं, पाऊस आला की आमच्याकडे पहिली जाते ती वीज, त्याचं काय? ते खातं वेगळं.

१९ सप्टेंबर
भोंगा बसला. नारळ, हार, दोन भाषणं. वाजवून दाखवला. म्हशी उधळल्या, एक थेट भाषणात.

आप्पा गेले नाहीत. नळी साफ करायचा गज काढला, तेलाची चिंधी त्यावरून ओढली, परत कोपऱ्यात उभा केला. दर आठवड्याला करायचे तसंच. खुंटीकडे पाहिलं नाही.  

२६ सप्टेंबर
वर नाशिककडे धो धो. दुपारीच वीज गेली. भोंगा पंचायतीवर हारासकट गप्प.

आप्पा काठी घेऊन महादेवाकडे, मी मागे छत्री घेऊन. पाणी पायरीपासून बरंच खाली. परत येतो तर अंगणात सगळी वस्ती, गाठोड्यांसकट.
आप्पा : "अगं पारूबाई, पाणी अजून लांब आहे."
"आसंल की. पन बार व्हनार न्हाई. मंग डोळा लावायचा कुनाच्या भरवशावर?"

इतकी वर्षं ही माणसं बंदुकीच्या आवाजानं उठतात असं मी समजत होते. ती बंदुकीच्या भरवशावर झोपत होती.

आप्पांनी ट्रंकेतून रिकामी काडतुसं काढून पोरांना वाटली. शिट्ट्याच शिट्ट्या. रशीदभाई कानात बोटं घालून, "आप्पा, साहेबाला कळलं तर हेबी जमा!" आप्पा हसले. पूर आल्यापासून पहिल्यांदा.

२८ सप्टेंबर
पाणी पायरीखालूनच उतरलं. वस्ती मात्र दिवसा खाली, दिवेलागणीला वर. रोज.

फौजदार पाहणीला. अंगणातली अंथरुणं पाहून गंभीर. "लोक अजून घाबरलेत?"
मी : "बंदूक नाही म्हणून."
"बघा ना. म्हणजे परिस्थिती निवळलेली नाही. अशात हत्यारं कशी परत देणार?"
 

दसरा
गजाला हळदकुंकू. नळी नाही म्हणून झेंडू खुंटीला.

आप्पांनी एकदम विचारलं, "लुगडं हवालदारानं ठेवलं का?" त्यांना माहीत होतं. कधीपासून, विचारायचं धाडस नाही झालं.

दुपारी रशीदभाई सोनं द्यायला आले. काखेत मदतीच्या घोंगडीची शिवलेली लांब खोळ. बंदुकीसाठी. मी म्हटलं, माप कुठून घेतलंत? "इतक्या वर्षांचं बघन्यातलं. ढिली झाली तर आत घालू." आप्पांनी खोळ खुंटीला टांगली. रिकामी, पण लांबून बंदूकच वाटते.

पश्चिमेला काळं भरून आलंय. वीज आत्ताच गेली. पारूबाई गाठोडं घेऊन चढण चढतेय, मागे बाकीचे. आप्पा ओट्यावरून खोळीकडे बघतायत.

"चहा ठेव," म्हणाले. "मोठ्या पातेल्यात."