कोरड्या लाकडाची नाव

येलदरी धरणाकाठ, ता. जिंतूर
दि. ६ नोव्हेंबर २०२४

ती. मालनवन्संना सरजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ मानवतला आलेत का? आले असतील तर रागवू नका, आधी जेवू घाला. त्यांचा फोन बंद हाय. तुमच्याशी फोनवर बोलावं तर शेजारचे कान टवकारतात, म्हणून मानवतला ये-जा करणाऱ्या दत्तरावांच्या हाती चिठ्ठी देते.

ज्यांची शेतं पलीकडल्या काठाला, त्यांच्यासाठी ह्यांनी नाव बांधली. बाभळीच्या वाकड्या फांद्या वाकसानं ताशून बरगड्या केल्या, सागाच्या फळ्या जोडल्या, फटीत राळ लावलेला कापूस पटाशीनं ठोकून बसवला. काम लय देखणं. पण नवी नाव आधी पाण्यात बुडवून ठेवावी लागती. लाकूड फुगलं की फटी मिटतात. गावाला पाडव्याचा मुहूर्त साधायचा हुता. ह्यांच्यानं न्हाई म्हणवलं न्हाई, नाव कोरडीच पाण्यात सोडली.

पूजेला मी अन् शेजारच्या धुरपताकाकू नावेत बसलो, वल्हं ह्यांच्या हाती. मधी गेलो अन् पायाखाली पाणी चढलं. ह्यांनी वल्हं टाकलं, उडी मारली, काठाला लागले. काकूंनी ताटानं पाणी उपसलं, मी वल्हं मारलं, तसं आमी वाचलो.

काठावर सारं गाव. मी ओरडले, बायकोला बुडत ठेवून पळणारा मर्द आजच बघितला. लोक खो खो हसले. वन्सं, ते हसू अजून कानात हाय, अन् लाज माझी मलाच वाटायलीय.

नाव काठाशी दगडं भरून बुडवलीय. तुमची माया हाय तशीच राहू द्या.

तुमची सरजा

मानवत
दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. सरजास अ. आ.

तुझा नवरा इथंच हाय. दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत शिरतो. तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. चिडवलंबी, की लहानपणापासून पोहण्यात पहिला नंबर तुझाच. हसला न्हाई. म्हणाला, अक्का, उडी मारताना मला सरजा आठवलीच न्हाई. हे तिला कळवू का म्हणलं, तर मानेनं हो म्हणाला.

आता तू काय ते बघ. मी भावाची बाजू घेणार न्हाई. काकूंना नमस्कार सांग. आमच्यावर लोभ कमी करू नकोस.

तुझी मालनवन्सं

मानवत
दि. ११ नोव्हेंबर

सौ. सरजास अ. आ. वि. वि.

अक्कानं लिहिलं ते खरं हाय. तू बोललीस म्हणून मी गाव सोडलं न्हाई. तू बोललीस त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून सोडलं.

नाव बुडवलीस ते बरं केलंस. मला सुचलंबी नसतं. पंधरवडाभर हलवू नको.

ही चिठ्ठी आज दत्तरावांच्या हाती पाठवतो, उद्या जिंतूरच्या गाडीनं मी निघतो. आदल्या फाट्यावर उतरून शेतातनं यावं, असं मनात हुतं. पण पळालो ते सगळ्यांदेखत, तवा येणंबी सगळ्यांदेखतच. गावातल्या चहाच्या टपरीसमोर उतरीन. हसतील त्यांना हसू दे. आधी धुरपताकाकूंच्या पाया पडीन, मग आपल्या दारात उभा राहीन. कडी वाजवणार न्हाई. उघडायचं का न्हाई, ते तू ठरव.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत न्हाई.

सूर्यभान