कुंपणाजवळचा फ्रेंच किल्ला

बाबा,

आज आपल्या मागच्या अंगणात किल्ला केला. दिवाळीत आपल्या या लव्हाल गावची माती इतकी गार असते की बोटं बधिर होतात, म्हणून तुमच्यासारखंच बादलीत गरम पाणी घेतलं. यंदा कॅनडा देश होऊन दीडशे वर्षं झाली, त्यामुळे लेकीच्या शाळेत इंग्रज-फ्रेंचांच्या लढाया शिकवताहेत. ती म्हणाली, "आई, रायगड नको, फ्रेंच फोर्ट करू या." माझ्या हातातला मातीचा गोळा हातातच राहिला.

आपला फ्रेंच किल्ला तुम्ही विसरला नसाल. मी नऊ वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला नदीकाठचा खरा किल्ला दाखवायला नेलंत. दक्षिणेकडून इंग्रज चालून येतील म्हणून फ्रेंचांनी बांधलेला. "जिथं राहायचं तिथला किल्ला करावा," म्हणालात, आणि दिवाळीत कुंपणाजवळ तो उभा केलात. बुरुजांवर पुण्याहून आणलेले मावळे, तेच फ्रेंच शिपाई. शेजारची माझी फ्रेंच मैत्रीण कुंपणावर लोंबकळत बघत होती. तुम्ही फ्रेंचांचा निळा झेंडा तिच्या हातात दिलात. "किल्ला त्यांचा, झेंडा तिनं लावायचा." दिवाळी माझी, बाबा माझे, चिखलानं हात भरले माझे, आणि मान तिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असताना मी बूट घालून किल्ला तुडवला. माझ्या इंग्लिश शाळेच्या पुस्तकात शेवटी इंग्रजच जिंकतात, मग माझं काय चुकलं, असं स्वतःला सांगत.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "कुणी केलं गं हे?" मी कुंपणाकडे बोट दाखवलं. तुम्ही वाकून चिखलाकडे बघितलंत, मग नुसतं "बरं" म्हणालात. खोटं उघडं पडेल या भीतीनं मी मैत्रिणीशी बोलणंच सोडलं. तुम्ही मात्र दर दिवाळीत विचारायचात, "यंदा किल्ला करायचा का गं?" मी नको म्हणायचे. गेलात त्या वर्षीही विचारलं होतंत.

आज ती मैत्रीण आईवडिलांचं घर आवरायला आली होती. आमचा किल्ला बघून कुंपणापाशी थांबली, तेव्हा मी धीर करून सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली. "मे वुई, आय नो!" म्हणाली, म्हणजे अगं हो, ठाऊक आहे मला. तुम्ही त्याच संध्याकाळी चकल्यांचं ताट घेऊन त्यांच्या दारात गेला होतात म्हणे. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिच्या वडिलांना म्हणालात, चिखलातले बुटांचे ठसे माझ्या मुलीचे आहेत, ती स्वतः येऊन सांगेल, तिला थोडा वेळ द्या.

थोडा वेळ म्हणजे पस्तीस वर्षं झाली, बाबा. फार लाज वाटते आहे. एकदा कान पकडून विचारलं असतंत तर लगेच बोलले असते, असं म्हणावंसं वाटतं, पण तेही खरं नाही. किल्ला मीच फोडला.

हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा आणखी एक सांगते. लेकीनं आज निळा झेंडा मैत्रिणीच्याच हातात दिला, आणि क्षणभर मला तो हिसकावून घ्यावासा वाटला.