पाणी उकळूनच दे

आबायांग, ४ जानेवारी

चि. मकुरिताला दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. तुझी भाची तेबोरा आता मोठ्या शाळेत जाणार, आणि ती शाळा तुमच्या बेशो शहरातच. पुढच्या बोटीने तिला पाठवतोय, ठेवून घे. ही माझी बुबुती समज. नात्यातल्याने बुबुती घालून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं, एवढं शहरात जाऊन विसरली नसशील म्हणजे मिळवली! वहिनीने तुझ्यासाठी सुकी मासळी बांधली आहे.

माया आहेच, ती समुद्रापलीकडेही पोचू दे.

तुझा बाउरोदादा

बेशो, ९ जानेवारी

ति. दादास, सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावला. अरे, दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं! ह्यांच्या गावचा जो तो बोटीतून उतरतो तो थेट आमच्याकडे. कुणाला नाही म्हणू? सासऱ्यांना रीतीप्रमाणे घराशेजारीच पुरलं, आणि कबरीला लागून विहीर. दुसरी जागा आहे कुठे? पाणी उकळायला सरपण पुरत नाही. मी बाजारात गेले की पोरं तसंच पितात. माझ्या इतायाचं पोट महिनाभर धड नाही. सात वर्षांचं पोर, उचललं तर वजन लागत नाही. नर्सबाई म्हणतात, पाणी बदला. कुठून बदलू?

तेबोराला पाठव, मी बघते तिचं. पण आता माझी बुबुती ऐक. त्याच बोटीने परतताना इताया येईल, त्याला ठेवून घे. परत कधी पाठवू, असं मला विचारू नकोस. मी म्हणेन, लगेच पाठव.

रागावू नकोस. जीव लावतोस, तसाच लाव.

तुझी मकुरिता

आबायांग, २ फेब्रुवारी

चि. मकुरितास अनेक आशीर्वाद.

इताया सुखरूप पोचला. त्याला बोटीतून उचलून घेतलं, खरंच वजन लागलं नाही. झोपताना एवढ्या मोकळ्या जागेत खांबाला चिकटून, अंग चोरून पडला. वहिनी म्हणाली, पसर की रे हातपाय! तर म्हणतो, बाकीचे यायचेत ना.

विहिरीचं पाणी तोंडाला लावेना. आई उकळून देते, म्हणाला. शेवटी मी त्याच्यासमोर घटाघटा प्यालो, तेव्हा प्याला. आता पोट ठीक आहे. नीरा मागून मागून पितो, भाचा शोभतो माझा!

परत कधी पाठवू, ते विचारत नाही. पण मुलगी पाठवताना मीही तुला काहीच विचारलं नाही गं. तेबोराला पाणी उकळूनच दे. ही बुबुती नाही, बाप हात जोडून सांगतोय. नारळाच्या करवंट्यांची पोती बोटीवर चढवली आहेत, सरपणाला होतील. दर बोटीला चढवीन.

दोन्ही पोरं आपलीच, आणखी काय लिहू.

तुझा बाउरोदादा