धूर अजून येतो

प्रिय बडबडे,

पत्र लिहायची सवय पार मोडली आहे, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आई म्हणते, "आधी विचारा, जेवते का नीट." तर विचारतो. जेवतेस ना? पांघरूण पुरेसं आहे का? चष्म्याची काडी सैल झाली होती, ती कोणी बसवून दिली का? उत्तर मिळेल की नाही माहीत नाही, पण हे विचारल्याशिवाय पेन पुढे सरकेना.

घरी तसं बरं आहे. आईचा खोकला वाढलाय, हल्ली ती उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हवा बदलून बघा." आई पटकन म्हणाली, "अहो, हवा बदलायलाच तर गेली होती आमची मुलगी." डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या.

धूर अजून येतो. उजाडता उजाडता कचऱ्याच्या मैदानावर आग लावतात, तशीच. वाळत घातलेल्या चादरींवर काळे कण बसतात आणि आई त्या पुन्हा धुवायला टाकते. मी म्हटलं, कशाला जीव काढतेस, उद्या परत तेच होणार. तर म्हणाली, "मग काय, काळ्याच अंथरू?"

परवा तुझ्या शाळेवरून गेलो. तुझ्या चित्रकलेच्या वर्गात आता कोणी दुसऱ्या बाई आहेत. मला तो दिवस आठवला, तू घरी आलीस आणि चप्पलसुद्धा न काढता सांगू लागलीस की वर्गातल्या एकजात सगळ्या पोरांनी आकाश राखाडी रंगवलंय. तू विचारलंस, असं का रे? तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तसंच तर असतं." त्याच संध्याकाळी तू ते लिहून काढलंस. मी विचारलं होतं, सगळे जिथे लिहितात तिथेच का नाही लिहीत, वाचणारे तरी मिळतील. तू म्हणालीस, "बाबा, तिथे आपण भाडेकरू. मालकाचं डोकं फिरलं की सामान रस्त्यावर. माझा ब्लॉग खोपटाएवढा असू दे, पण किल्ली माझ्याकडे आणि दार सगळ्यांना उघडं."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली मी, त्यामुळे तुझ्या खोपटात शिरलो तो चुका काढतच. लोक खाली लिहायचे, छान, डोळे उघडले. आणि मी लिहायचो, तिसऱ्या ओळीत 'विषारी'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व हवी. लोकांनी माझं नाव वेलांटीकाका पाडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. छापखान्यात चाळीस वर्षं मला कोणी नावानं ओळखलं नव्हतं.

मग तुझं वाचून बसवाला आला, बेकरीवाली आली. आपल्याच जेवणाच्या टेबलावर तू त्यांना स्वतःचे ब्लॉग काढायला शिकवलंस. बसवाला पूर्णविराम म्हणून द्यायचा नाही. म्हणायचा, "काका, मी थांबा आल्यावरच थांबतो." पण त्याला त्याच्या सीटवरून जे दिसायचं ते आपल्याला कुणालाच दिसत नव्हतं. तुम्ही तिघांनी हाक दिलीत त्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अधिकारी स्वतः खाली आले, हसले, शब्द दिला. आग थांबली. तू त्यांचे आभार मानलेस, तेही अगदी मनापासून. आठवड्याभरात मैदानाच्या भिंतीपलीकडून पुन्हा धूर, आणि तू तिथे कचरा टाकणाऱ्या ट्रकचा फोटो टाकलास, नंबरासकट.

तुला न्यायला तिघं पोलीस आले तेव्हा आपण जेवायला बसणार होतो. अफवा पसरवली म्हणे, शांतता बिघडवली म्हणे. त्यांनी तुझा कॉम्प्युटर उचलला, वायरी नीट गुंडाळून घेतल्या. तू चपला घालता घालता मला म्हणालीस, "बाबा, गॅस बंद करा." त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

तुझ्या ब्लॉगच्या जागी आता कोरं पान येतं. तुझं सगळं लिखाण बसवाल्यानं स्वतःच्या ब्लॉगवर चढवलं होतं. त्याला बोलावून घेतलं. आता त्याचंही पान कोरं आहे आणि त्याला बसवरून काढून आगारात गाड्या धुवायला लावलंय. रस्त्यात दिसला तर तो चपलांकडे बघतो. मीही बघतो. बेकरीवाली पाव बांधून देते आणि नुसती "ताई?" एवढंच विचारते. मी मान हलवतो. तिला दोन लहान पोरं आहेत, कुठल्या तोंडानं तिला काही सांगू? एकदा मी एकटाच जाऊन पायऱ्यांवर बसलो. पहारेकरी चांगला माणूस आहे. म्हणाला, "आजोबा, दाखला हवाय का? खिडकी पलीकडे आहे." मी उठून खिडकीपाशी गेलो, थोडा वेळ रांगेत उभा राहिलो आणि घरी आलो.

आता मुद्द्याचं. परवा, तुला ठेवलंय तिथल्या साहेबांनी मला बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली. माफीच्या कागदावर तू सही केलीस, जे लिहिलं ते सगळं खोटं होतं असं मान्य केलंस, तर सोडतील. तू नाही म्हणतेस. म्हणून ते म्हणाले, "तुम्ही वडील आहात, चार शब्द लिहून समजवा. पत्र पोचवायची जबाबदारी माझी." म्हणजे हे पत्र तुझ्याआधी ते वाचणार. साहेब, राग मानू नका, पण बोलता बोलता तुम्हीही तीनदा खोकलात. बडबडे, तुझी आई आतल्या खोलीतून दर पाच मिनिटांनी विचारतेय, "लिहिलंत का, सही कर म्हणून?" तिला तू हवी आहेस, खरं-खोटं तिच्या लेखी गेलं खड्ड्यात. मलाही तू हवी आहेस. सकाळपासून तीन कागद फाडले. 'सही कर' लिहिलं की मुद्रितातल्या चुकीसारखं खोडून टाकतो, 'करू नकोस' लिहिलं की आईचा खोकला ऐकू येतो. बाप म्हणून काहीतरी एक सांगायला हवं होतं, ते मला जमलं नाही. सही केलीस तर मी दारात उभा असेन, आणि कुणी तुला एक शब्द विचारणार नाही. नाही केलीस तरी मी दारातच उभा असेन. फक्त तेव्हा तू येणार नाहीस.

काहीच ठरवता न आलेला, पण तुझाच,
बाबा