विस्तवाचं टोक

कुबाओ, मनिला
३ मार्च

प्रिय मानांग कोरिंग,

धाकट्या भावाचा नमस्कार. मी इथे ठीक आहे आणि तुम्ही दोघी तिकडे ठीक असणार असं धरूनच लिहायला बसलोय. नानांगसारखी आई घरात असल्यावर आजारपणाची उंबरठा ओलांडायची टाप आहे का!

तुझं पत्र मिळालं आणि केळीच्या पानात भाजलेल्या तुपिगची पुरचुंडीही. बेर्तो बसचा कंडक्टर झाला तरी शेवटी आपल्याच गावचा, वाटेत त्याने त्यातले काही खाल्ले आणि वर मलाच सांगितलं, "तुझी बहीण नारळ घालताना हात आखडत नाही हां." मी म्हटलं, "आणि तू खाताना."

फोन का करत नाहीस म्हणून ओरडू नकोस. तिकडे तंबाखूच्या भट्टीच्या छपरावर चढल्याशिवाय आवाज येत नाही, आणि आला की नानांग फोन हिसकावून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडते, "जेवलास का?" मग जे बोलायचं ते राहूनच जातं. पत्रात निदान कोणी मध्ये ओरडत नाही.

आमच्या दुकानात सध्या नुसती पळापळ आहे. ई-सिगारेटवर सरकारचे नवे नियम आलेत. फळांचे वास बंद, मिठाईचे बंद, बाटलीवर रंगीत चित्रं बंद, शिक्का नसलेला माल बंद. उरणार फक्त तंबाखू आणि पुदिना म्हणतात. आंबा, खरबूज, नारळ सगळं मी फळीवरून काढून खोक्यात भरतोय. भरताना वाटतं, फळवाल्याचं दुकान उठलं आणि औषधवाल्याचं आलं.

मांग तोनिंग आठवतो? गेल्या पत्रात लिहिलं होतं बघ, जीपनी चालवतो तो. एका हातात चाक आणि दुसऱ्यात सिगारेट असा माणूस, आमच्या आंब्यावर आल्यापासून त्याने सिगारेटला हात लावलेला नाही. काल येऊन काउंटरवर हात आपटून म्हणाला, "मला त्या तंबाखूच्या वासापासून सुटायचं होतं रे! आता म्हणे तोच वास घ्या. म्हणजे दारू सोडलेल्याला सांगायचं, बाबा, पाणीच पी, पण बाटली तीच तोंडाला लाव." पण दुसरीकडे शाळेचा गणवेश घातलेली पोरं काचेला नाक लावून उभी राहतात, त्यांना हाकलणं हेही माझंच काम आहे. तेव्हा वाटतं नियम हवाच. मांग तोनिंग आला की वाटतं नको. तू शिकलेली आहेस, तूच ठरव.

आमचा बॉस रामिल मात्र ठरवून बसलाय. सगळे दुकानवाले आणि ओढणारे मिळून नियमाविरुद्ध मोर्चा काढणार आहेत. आणि मानांग, आता रागावू नकोस. मी त्याला नानांगचा तो व्हिडिओ दाखवला.

तोच, नाताळातला. मी तिच्यासाठी ते निळं ई-सिगारेटचं यंत्र आणलं, आणि जन्मभर चिरुटाचं जळतं टोक तोंडात धरून ओढणारी आपली आई, तिने यंत्राचं दिवा लागणारं टोक पाहिलं आणि सरळ तेच तोंडात घातलं! गाल आत ओढून ओढून दमली आणि मला म्हणाली, "अरे, ह्याचा विस्तव विझलाय." मग मी फिरवून दिल्यावर एक झुरका घेतला, खोकली आणि म्हणाली, "हे कसलं चिरूट? हा तर आंब्याच्या झाडाखाली पडलेला कचरा." तरी पुन्हा ओढलंच ना!

बॉस हसून हसून खाली बसला. मग उठला तो एकदम गंभीर. म्हणाला, "देल्फिन, आपल्याला हीच आजी हवी होती." बॅनरवर तिचा फोटो आणि खाली 'माझ्या तोंडातला विस्तव विझला, तो पुन्हा पेटवू नका' असं लिहायचं त्याच्या मनात आहे. तू नानांगला विचार. तिला गंमतच वाटेल.

आंब्याच्या शेवटच्या बाटल्या बेर्तोबरोबर पाठवतोय. नानांगच्या तोंडात, टाळूवर पांढरा डाग दिसला असं तू लिहिलंयस. कढत काहीतरी प्यायली असेल. ती कॉफी फुंकून कधी पिते?

तुझा धाकटा आदिंग,
देल्फिन

*

कुबाओ
१२ मार्च

मानांग,

तुझं पत्र वाचलं. बेर्तोने देतानाच सांगितलं होतं, "जपून उघड. तुझी बहीण देताना हसली नाही."

लिहिलंयस ते सगळं खरं असणार, तू खोटं कशाला लिहिशील? नानांग पाहुण्यांसमोर निळं यंत्र ओढते आणि पाहुण्यांची पाठ वळली की भट्टीमागे जाऊन चिरूट पेटवते. तू विचारलंस तेव्हा म्हणाली, "ते पोराचं आहे, पोराच्या नावाने ओढते. हे माझं आहे." हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही.

पण तिलाही काय बोल लावायचा? तंबाखूची पानं काठीला ओवताना दोन्ही हात गुंतलेले, समुद्राकडून वारा, समोर वाळलेल्या पानांचा ढीग. विस्तव बाहेर ठेवला तर ठिणगी उडणार. म्हणून तो तोंडात. तिच्या आईने तसंच केलं, तिच्या मावशीनेही. आपल्याकडे कोणाला ते कधी उलटं वाटलंच नाही. मनिलात मी हे सांगितलं तेव्हा लोकांना मी सर्कशीतला वाटलो.

डॉक्टरीणबाईंचंही वाचलं. विगानला नेलंस तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि खुर्चीत बसूनच राहिली. डॉक्टरीणबाई, "आजी, आ करा." नानांग, "उं हूं." शेवटी बोलली ती एवढंच की देल्फिन येईल तेव्हा उघडीन. हट्टी बाई! तू म्हणतेस डॉक्टरीणबाई कुठल्याही मंगळवारी भेटतात, फक्त उशीर नको म्हणाल्या. त्या डागाचा छोटा तुकडा काढून तपासायचाय म्हणाल्या.

मानांग, मी येणार आहे. पण आत्ता दुकानात माणूस कमी आहे. मोर्चाची तयारी माझ्याच गळ्यात आहे, पाट्या रंगवायच्या, लोकांना घोषणा शिकवायच्या. मांग तोनिंगला एक घोषणा पाठ होत नाही, दर वेळी शेवटचा शब्द खातो आणि म्हणतो, "भावना पोचली ना?" मोर्चा झाला की लगेच निघतो. नक्की.

फोटोचं तू नाही म्हणालीस. मी बॉसला सांगितलं. तो म्हणाला बॅनर छापायला गेलंय. मी म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, "तुझी आई आहे की कोणी राणी? लोक बघून हसतील, हसले की ऐकतील. आणि अरे, ह्या यंत्रामुळे माझा बाप शेवटची वर्षं खोकल्याशिवाय झोपला. मी काय खोटं सांगतोय?" तो खोटं सांगत नाहीच. म्हणून तर मला त्याच्याशी भांडता येत नाही.

सुट्टी मिळत नाही असं वर लिहिणार होतो. लिहिलं नाही, कारण ते खरं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बॉस आपणहून म्हणाला होता, जाऊन ये. मीच म्हटलं, नंतर.

का म्हटलं ते विचारू नकोस. तो डाग नीट किती मोठा आहे तेही लिहू नकोस. हे पत्र नानांगला वाचून दाखवू नकोस.

दे.

*

कुबाओ
१९ मार्च

मानांग, हे पत्र मात्र मोठ्याने वाच. नानांगला भट्टीजवळच्या बाकावर बसव, ओवायची पानं दे तिच्या हातात म्हणजे ती उठून जाणार नाही, आणि वाच.

प्रिय नानांग,

तुझ्या लेकाचा दंडवत. मी जेवलोय. हे आधीच सांगितलं म्हणजे तू ओरडणार नाहीस.

काल आमचा मोर्चा झाला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आम्ही रस्त्याच्या ह्या बाजूला, आणि नियम हवा म्हणणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्या बाजूला. मध्ये पोलीस जांभया देत उभे. घोषणा देऊन घसा सुकला की दोन्हीकडचे लोक एकाच शहाळेवाल्याकडे जात होते. तो एकटाच काल सगळ्यांच्या बाजूने होता.

आणि सगळ्यांच्या डोक्यावर तू होतीस. घरातल्या दाराएवढी. निळा दिवा तोंडात, गाल आत गेलेले, डोळे बारीक झालेले. खाली ते विस्तवाचं वाक्य. लोक फोटो काढत होते, "आजी झिंदाबाद!" ओरडत होते. मला आधी अभिमानासारखं वाटलं. खरंच वाटलं, लपवत नाही.

मग शहाळेवाल्यापाशी त्या बाजूच्या एक बाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. तुझ्याहून थोड्या लहान. बॅनरकडे बघत बघत एकदम आपल्या इलोकानो बोलीत म्हणाल्या, "ही विस्तव आत धरणारी आहे, नाही का? दिवा कुठल्या बाजूला घातलाय बघ."

मी म्हटलं, "हो. माझी आई आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भाषण देणार, पोरा, ह्यातही विष आहे वगैरे. माझी उत्तरं तयार होती, मीच तर सगळ्यांना शिकवली होती. पण त्या म्हणाल्या, "माझी आईही अशीच ओढायची. तुझ्या आईची टाळू कोणी बघितलीय का रे?"

नानांग, सगळ्या घोषणा येतात मला, एवढंच येईना.

मग मी म्हटलं, "तिला दुखत नाही म्हणते."

"आमच्या आईलाही दुखत नव्हतं," बाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर आम्ही वेळेवर नेलं नसतं का?" आणि शहाळं अर्धंच पिऊन, उरलेलं माझ्या हातात देऊन गेल्या. रस्ता ओलांडून आपल्या बाजूला.

मी परत आलो आणि बॅनरच्या दोऱ्या सोडायला लागलो. बॉस धावत आला. "वेडा झालास का? ही काढली तर उरतं काय?"

"मांग तोनिंग उरतो," मी म्हटलं.

मांग तोनिंग म्हणाला, "माझा फोटो तर कोणी मागितलाच नाही. मी आपला अख्खाच आलोय." आणि बॅनरच्या जागी जाऊन उभा राहिला, पोट पुढे काढून.

बॉसने हळू आवाजात विचारलं, "तिने चिरूट सोडलंय ना रे? खरं सांग."

मी म्हटलं, "नाही. आणि तिच्या तोंडात काहीतरी झालंय. मी अजून बघायला गेलो नाहीये."

 मग दुसऱ्या बाजूची दोरी त्यानेच सोडली. आम्ही दोघांनी मिळून तुला गुंडाळलं. तो म्हणाला, "माझा बाप गेला तेव्हा मी मालाची खोकी उतरवत होतो. तू जा." बाकीचे ओरडत राहिले. नियमाचं काय होईल ते होवो, मांग तोनिंगला त्याचा आंबा मिळो असं मला अजूनही वाटतं. पण ती लढाई आता त्याच्या तोंडाने होऊ दे. तुझ्या नको.

बॅनर घेऊन येतोय. कापड जाड आहे, भट्टीच्या लाकडांवर टाकायला होईल. चित्र खाली करून टाक, नाहीतर कोंबड्या घाबरतील.

हे पत्र बेर्तो आज देईल. सोमवारच्या बसने मी येतो. मंगळवारी आपण तिघं विगानला जाऊ. तू मानांगला म्हणालीस ना, देल्फिन आला की उघडीन? मला ते वाचून राग आला होता. हिने माझीच अट कशाला घालायची, असं वाटलं. काल रात्रभर कळत नव्हतं, पहाटे कळलं. तुलाही एकटीला भीती वाटत होती. आणि मी इथे बसून पाट्या रंगवत होतो, कारण मलाही तेच.

तुला आठवतं? मी एवढासा होतो. वीज गेलेली असायची, तू भट्टीपाशी बसलेली, चिरूट तोंडात, आणि मला तू दिसायची नाहीस. मी रडायला लागलो की तू तोंड उघडायचीस. काळोखात एवढासा लाल विस्तव, आणि त्याच्याभोवती तुझे दात. मी भूत पाहिल्यासारखा किंचाळायचो आणि लगेच म्हणायचो, पुन्हा दाखव. तू मिटायचीस, उघडायचीस. पुन्हा दाखव. मला वाटायचं आपल्या आईच्या पोटात चूल आहे. त्या एवढ्याशा उजेडावर मला कळायचं की तू तिथेच आहेस.

डॉक्टरीणबाईंकडे मी खुर्चीशेजारी उभा राहीन. आधी मी 'आ' करीन, माझी किडलेली दाढ सगळ्यांना दिसेल, तू हसशील. मग तुझी पाळी. आत काय असेल ते असो. लाल असो, पांढरं असो. ह्या वेळी मी किंचाळणार नाही, आणि तोंडही फिरवणार नाही.

एवढंच म्हणेन, नानांग, पुन्हा दाखव.

सोमवारी पोचणारा,
काळोखात तुलाच शोधणारा
तुझा देल्फिन